मंत्रचळ आणि समेची वाट

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना काही चुकले, अक्षर इकडचे तिकडे झाले, की म्हणणाऱ्याला चळ लागतो अशी समजूत होती. त्यातून हा शब्द आला. पुढे समजूत मागे पडली, शब्द मात्र राहिला. पुन्हा पुन्हा हात धुणारी आजी, तीन-तीनदा कडी पाहून येणारे काका, यांना आपण सहज 'मंत्रचळे' म्हणून मोकळे होतो. आज मराठीत लिहिणारे मनोविकारतज्ज्ञ हाच शब्द ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ओसीडी या आजारासाठी वापरतात. मला तो फार नेमका वाटतो. कारण या आजाराचे मूळ दुखणे अस्वच्छता नव्हे, शंका आहे. 'आपले काही चुकले तर नाही ना?' ही शंका.

या आजाराचा लेखी इतिहास पॅरिसपासून सांगतात, आणि तिथे आम्हा गोमंतकीयांचा एक माणूस आधीच पोचलेला होता. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवले. संमोहनाची निद्रा कुठल्या चुंबकी द्रवाने येत नाही, तिचे कारण त्या माणसाच्या मनातच असते, असे ते सांगत. लोकांनी टिंगल केली. १८१९ मध्ये ते वारले. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, तो आपण रोज पाहतो आणि पुढे जातो.

त्याच पॅरिसमध्ये १८३८ साली एस्किरोल या वैद्याने आपल्या ग्रंथात 'कुमारी एफ' नावाच्या रुग्णाची हकीकत लिहिली. बाई हुशार, व्यवसाय सांभाळणारी. पण हिशेब करताना आकडा चुकेल आणि कुणाचे नुकसान होईल, दुसऱ्याची वस्तू आपल्या कपड्यांत अडकून येईल, या भीतीने ती हैराण होई. आपली भीती निरर्थक आहे हे तिला पक्के कळत होते, तरी कपडे झटकणे थांबत नव्हते. सरकारी कचेरीत आकड्यांची बेरीज तपासण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे ही बाई मला अगदी ओळखीची वाटते. १८७७ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी हेच सूत्ररूपाने मांडले. बुद्धी शाबूत असते, विचार मात्र इच्छेविरुद्ध घुसतात, आणि रुग्णाला स्वतःलाच ते परके वाटतात.

संगीताच्या जगात याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियाचे संगीतकार आंतोन ब्रुकनर. १८६७ साली मानसिक थकव्याने ते बाड क्रॉयत्सेन इथे जलोपचारासाठी राहिले. झाडाची पाने, इमारतीच्या खिडक्या, जे दिसेल ते मोजत बसण्याची त्यांना अनिवार ओढ होती. पुढच्याच वर्षी ते व्हिएन्नाच्या संगीतशाळेत प्राध्यापक झाले आणि त्यांच्या मोठ्या सिंफनी बहुतेक त्यानंतरच्या.

पण संगीतावर लिहिणाऱ्याचे काय? आपल्याकडे केशवराव भोळे यांनी 'वसुंधरा'त 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहिले. आमच्या गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे यांचे ते यजमान. मैफल हवेत विरून जाते, छापलेले मात्र राहते. राग कोणता, ताल कोणता, साथीला कोण, यातले एक जरी चुकले तरी दुसऱ्या दिवशी जाणकार हटकणार. साधा समीक्षकही इथे दबून असतो. मग ज्याच्या मनात शंकेचेच घर आहे, त्याने काय करावे?

माझा एक मावसभाऊ भोपाळला गोविंदपुऱ्यात राहतो. मावशीचे यजमान 'भेल'मध्ये होते, म्हणून ते कुटुंब तिथलेच झाले. भाऊ तिथल्या एका दैनिकासाठी संगीतावर लिहितो. १९८२ मध्ये सुरू झालेल्या भारत भवनात मैफल ऐकायची आणि रात्रीच मजकूर द्यायचा. एकदा तो मला म्हणाला, "दादा, गाणं दहाला संपतं, पण माझ्या डोक्यात ते पहाटेपर्यंत चालू असतं. ऋषभ कोमलच होता ना, तबलजीचं नाव बरोबर लिहिलं ना... वीस वेळा वाचतो, तरी खात्री होत नाही." ऑफिसात मात्र त्याची ख्याती काय? 'फार काटेकोर माणूस!'

इथेच आपली गफलत होते. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती चोखंदळ होत्या, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पण चोखंदळपणात काम मनासारखे झाले की समाधान असते. मंत्रचळात समाधान येतच नाही. तपासल्यावर शंका घडीभर निवते आणि दुप्पट जोराने परतते. तेव्हा त्याला गुण म्हणून शाबासकी देणे हे रुग्णाला आजारात ढकलण्यासारखेच आहे.

उपाय आहेत. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. भीती वाटते त्या गोष्टीला सामोरे जायचे आणि नंतरचा 'विधी' करायचा नाही. आजची वर्तनोपचाराची पद्धत यातूनच वाढली. औषधेही आहेत, क्लोमिप्रामिन त्यांतले जुने. माझ्या भावाला डॉक्टरांनी नियम घालून दिला : मजकूर दोनदा वाचायचा आणि पाठवायचा. पहिले काही महिने त्याला घाम फुटे. आजही शंका येते, पण तो तिला उत्तर देत बसत नाही. लिहिणे चालू आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. म्हणजे आपल्या वाड्यावर एखादे घर असणारच. आपल्याकडे बांबोळीला मनोविकार इस्पितळ आहे. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. तिथे जायला, बोलायला लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी एक विचार मनात येतो. आपल्या परंपरेला पुनरावृत्तीचे वावडे कधीच नव्हते. घनपाठात शब्द पुढेमागे घोळवतात, तबल्यावर एकच कायदा तासभर घासतात. पण तिथे संख्या ठरलेली असते, तिहाई होते, सम येते, आणि ऐकणारे मान डोलावतात. मंत्रचळ्या माणसाच्या आवर्तनाला सम नसते. ती त्याला एकट्याला सापडत नाही, कुणीतरी टाळी धरून दाखवावी लागते. घरात असा कोणी असेल तर त्याला हसण्याऐवजी ती टाळी आपण धरूया. एवढेच.