टॅरो : डावातून आत्मशोधाकडे

आत्मशोधाच्या शिबिरांच्या जाहिरातींत 'टॅरो' हा चित्रांच्या पत्त्यांसाठीचा शब्द हल्ली सारखा भेटतो. कुणी 'टॅरोट'ही म्हणतात. पण शेवटचा 'ट' फ्रेंच माणूस लिहितो, उच्चारत नाही.

फ्रेंचांकडे तो इटलीतून आला. तिथे 'तारोक्की' हे नाव फेरारात १५०५ मध्ये नोंदलेलं आहे. त्याआधी याच पत्त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत, म्हणजे विजय. उमरावांच्या वाड्यांत हा चक्क डाव रंगायचा आणि चित्रांची खास पानं बाकीच्यांना मारायची. इंग्रजीतला 'ट्रम्प', म्हणजे आपला हुकूम, या 'त्रिओन्फी'च्याच कुळातला.

अध्यात्म खूप नंतर आलं. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने 'टॅरो' हा शब्द प्राचीन इजिप्तचा ठरवला आणि 'राजमार्ग' असा अर्थ लावला. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. व्युत्पत्ती टिकली नाही, शब्दाभोवतीचं गूढ मात्र टिकलं. मला त्याहून मोलाचं वाटतं चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचं काम. १९०९च्या टॅरो संचात त्यांनी साध्या अंकांच्या पानांवरही माणसं आणि प्रसंग रंगवले. चित्रात स्वतःला शोधायला जागा झाली ती तिथे.

आज मराठीत 'टॅरो रीडिंग' सर्रास म्हणतात. 'माझं काय होणार?' याच्या जोडीला 'मला नेमकं काय हवंय?' हा प्रश्नही त्यात आला आहे. फ्रान्समध्ये मात्र 'तारो खेळू या' म्हटलं, की अजूनही चौघं पत्ते पिसायला बसतात.