कोळी जिवंत धरणारें शहर

घरांतील जळमटें केरसुणीनें झाडलीं कीं आपल्याकडे कोळ्याचा प्रश्न संपतो. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं तो इतक्यानें संपत नाहीं. तेथील 'फनेल-वेब' कोळी ओलसर सावलींत बीळ करून राहतो. उन्हाळ्यांत नर मादीच्या शोधार्थ रात्रीं भटकतो व घरांत शिरतो. त्याचें विष मादीच्या विषाहून जहाल असतें. १९२७ सालीं त्याच्या दंशानें एक बालक दगावलें. १९८० पर्यंत अशा १३ मृत्यूंची नोंद झाली.

धंदेवाईक मंडळी बिळें शोधून औषध फवारीत. परंतु कोळी अंग उचलून, पायांच्या टोकांवर चालतो. जमिनीवर वाळलेलें औषध त्याला बेताचेंच लागतें.

खरा उपाय मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम प्रयोगशाळेंत निघाला. डॉ. स्ट्रुआन सदरलंड यांनीं सशांना थोडथोडें विष टोचून त्यांच्या रक्तांतून प्रतिविष सिद्ध केलें. १९८१ सालीं तें वापरांत आलें. तेव्हांपासून या दंशानें कोणी दगावल्याची नोंद नाहीं. मात्र त्यासाठीं विष हवें, आणि तें जिवंत कोळ्यापासूनच मिळतें. म्हणून नागरिक कोळी बरणींत धरून गॉस्फर्डजवळच्या सर्पोद्यानाकरितां देतात. ज्याला चिरडावयाचें त्यालाच जपल्यानें तेथील घरांतलीं मुलें वांचलीं.