सर्वांना वाचता येणारी फाईल

अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकाजवळ काही साध्या मजकुराच्या फाईली असतात. कोणाला आत घ्यायचे, कोणत्या शेजारी यंत्रावर विश्वास ठेवायचा, हे त्यांत लिहिलेले असते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीत पासवर्डची फाईल अशीच होती, आणि ती कोणाही वापरकर्त्याला वाचता येई!

हा निष्काळजीपणा नव्हता. संगणक माणसांना क्रमांकाने ओळखतो. क्रमांकावरून नाव शोधायला अनेक प्रोग्रॅमना हीच फाईल लागे. शिवाय पासवर्ड तीत मूळ रूपात नसे. पासवर्डलाच किल्ली मानून एका ठराविक मजकुराचे २५ वेळा सांकेतिक रूपांतर करायचे आणि शेवटी येईल ती अक्षरे लिहून ठेवायची, अशी रीत होती. त्या अक्षरांवरून उलट जाऊन मूळ शब्द काढता येत नाही.

मग धोका कुठे? अंदाजात. फाईल हाती आली की शब्दकोशातला एकेक शब्द घ्यावा, तेच रूपांतर करावे आणि जुळते का ते पाहावे. रॉबर्ट मॉरिस व थॉम्प्सन यांनी १९७९ साली याचा हिशोबच मांडला. ३२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के फार आखूड, नुसत्या लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशातले निघाले. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या 'वर्म'ने जे मार्ग वापरले, त्यांत हाही होता. (तो सोडणारा याच मॉरिस यांचा मुलगा!) पुढे सांकेतिक अक्षरे वेगळ्या, फक्त व्यवस्थापकाला वाचता येणाऱ्या फाईलीत हलवली गेली.

पण जुन्या प्रती राहिल्याच. आजही अडचण विचारताना कोणी सर्व्हरची फाईल जशीच्या तशी चारचौघांत मांडतो, मग चूक कळल्यावर पासवर्डची ओळ खोडतो. आधीची प्रत तोवर कोणी उतरवून घेतली असेल, तर खोडून काय होणार? पासवर्डच बदलावा लागतो.

बीएसडी युनिक्सचा जुना संग्रह अभ्यासकांसाठी खुला झाला, त्यात १९८० च्या सुमाराची पासवर्ड फाईलही गेली. रिची यांचा पासवर्ड लवकर सापडला. थॉम्प्सन यांचा मात्र २०१९ पर्यंत टिकला. तो शोधायला एका ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून अधिक वेळ लागला. निघाली ती बुद्धिबळातली एक चाल: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे.