गोळी आपल्याच पिशवीतली

मागे आमच्या गटाची बैठक संपली आणि एक आई मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, कॉलेजातल्या पोराच्या बॅगेत माझ्याच माला-एनच्या गोळ्या सापडल्या. तो म्हणतो, मी मुलगा नाही, मुलगी आहे." त्या आईसाठी आम्ही जी माहिती गोळा केली, तीच आज सांगतोय.

कोजागिरीला सप्तशृंगी गडावर तृतीयपंथी मोठ्या संख्येने येतात. आपण त्यांचा आशीर्वाद घेतो, पण तेच लेकरू आपल्या घरात निघालं की दार लावतो.

पूर्वी शरीर बदलायची एकच वाट होती, निर्वाण. म्हणजे पुरुषाचे अवयव कापून टाकणे. हे डॉक्टरविना, चोरून व्हायचं आणि त्यात जीवही जायचा.

१९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट या शास्त्रज्ञांनी स्त्रीचं हार्मोन वेगळं काढलं. कशातून? गरोदर बायांच्या लघवीतून! १९३८ मध्ये बर्लिनला इथिनिल इस्ट्रॅडिओल तयार झालं. आपल्या माला-एनमध्ये तेच असतं. १९५२ मध्ये अमेरिकेच्या क्रिस्टीन जॉर्गेनसनची बातमी जगभर गाजली. तिनेही आधी हीच गोळी स्वतःच्या मनाने घेतली होती. पुढे डेन्मार्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिचे उपचार झाले.

या उपचाराने काय होतं? तीन ते सहा महिन्यांत कातडी मऊ पडते, छातीत गाठ धरते, दुखते. अगदी वयात येणाऱ्या आपल्या मुलींसारखं. ताकद थोडी कमी होते, चरबी मांड्या-कमरेवर बसू लागते. छाती पुरी भरायला दोन-तीन वर्षं लागतात. अंगावरची लव विरळ होते, पण दाढी पूर्ण जात नाही. फुटलेला आवाज परत बारीक होत नाही, उंची बदलत नाही. मूल होण्याची क्षमता घटते, कधी कायमची जाते. म्हणून तो विचार आधीच करावा लागतो.

घाई मात्र अंगाशी येते. लवकर फरक दिसावा म्हणून दिवसाला चार-चार गोळ्या घेतल्या, तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पाय सुजतो, गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. म्हणून आता डॉक्टर या कामाला ही गोळी देत नाहीत. ते साधं इस्ट्रॅडिओल देतात, पुरुष हार्मोन दाबणारं औषध देतात आणि रक्त तपासत राहतात.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्यात हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरली.

ती माय-लेकरं पहिल्यांदा दवाखान्यात गेली, तेव्हा केसपेपरच्या खिडकीवर हसणं झालं आणि दोघं तशीच परत आली. दुसऱ्या खेपेला गटातल्या आम्ही चौघी सोबत गेलो. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं, माला-एन बंद करायला सांगितली.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "माझी पोरगी दमली, जरा खिडकीची जागा द्या." आम्ही सरकून बसलो.