झेरॉक्सचे डाग आणि परीक्षेचे मार्क

इंग्लंडमध्ये २००८ पासून पुढची जवळपास दहा वर्षं, ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल मीडिया स्टडीजच्या मुलांना पहिल्या वर्षी एक प्रोजेक्ट करावा लागायचा. छापील माध्यम निवडलं तर एका नव्या, काल्पनिक संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पानं तयार करायची. फोटो स्वतः काढलेले हवेत, आणि किमान चार हवेत. दुसऱ्या वर्षी जे पर्याय असत त्यात पाच मिनिटांची डॉक्युमेंटरी हाही एक होता. शेवटी मूल्यमापनाचे प्रश्न, आणि दोन्ही वर्षी त्यातला पहिला प्रश्न साधारण एकच: तुमच्या कामाने खऱ्या माध्यमांचे संकेत कुठे वापरले, कुठे पुढे नेले आणि कुठे मोडले?

या प्रश्नातला ‘संकेत’ हा शब्द माझ्या पीएच.डी.च्या मध्यभागी आहे. माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं. आता मी स्वस्त छपाईच्या यंत्रांचा इतिहास करते. त्यामुळे ‘पंक मासिकात अक्षरं वेडीवाकडी असतात, फोटो काळेकुट्ट असतात, हा त्या शैलीचा संकेत आहे’ असं वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: संकेत कुणाचा? माणसाचा की मशीनचा?

थोडं मागे जाऊया. फेब्रुवारी १९६६, अमेरिकेतलं स्वार्थमोर कॉलेज. पॉल विल्यम्स हा सतरा वर्षांचा विद्यार्थी ‘क्रॉडॅडी’ नावाचं रॉक संगीताचं मासिक काढतो. रॉकबद्दल गंभीरपणे लिहिणारं अमेरिकेतलं हे पहिलं मासिक, असं इतिहासकार बहुतेक एकमताने सांगतात. ‘रोलिंग स्टोन’ त्यानंतर दीडेक वर्षाने, १९६७ च्या शेवटी आलं. विल्यम्सला मासिक काढायची सवय आधीपासून होती, कारण शाळेत असतानाच त्याने विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी एक हौशी अंक काढला होता. ‘फॅनझीन’ हा शब्दही त्याच विज्ञानकथावाल्या मंडळींचा, पंकच्या कितीतरी आधीचा. क्रॉडॅडीचा पहिला अंक सायक्लोस्टाईल केलेला होता. त्यात विल्यम्सने जाहीरच केलं की इथे गायकांचे देखणे फोटो नसतील, बातम्यांचे तुकडे नसतील, फक्त संगीतावरचं लेखन असेल.

आता सायक्लोस्टाईल म्हणजे काय ते आठवा. तुमच्या आईवडिलांनी शाळेच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका अशाच सोडवल्या असतील. मेणाचा थर दिलेल्या कागदावर टाईपरायटरची रिबन काढून टाईप करायचं, म्हणजे खिळा जिथे आपटतो तिथलं मेण बाजूला होतं, आणि मग त्या फटींतून शाई खालच्या कागदावर उतरते. जोरात टाईप केलं तर ‘ओ’ अक्षराच्या पोटातला गोल तुकडाच निघून जातो आणि छापताना तिथे काळा ठिपका येतो. अशा स्टेन्सिलवर अक्षर उतरतं, रेघ उतरते, पण फोटोतल्या करड्या छटा नीट उतरत नाहीत. मग ‘देखणे फोटो नकोत’ हे विल्यम्सचं तत्त्व होतं की त्याच्या मशीनची मर्यादा? माझं मत विचाराल तर दोन्ही, आणि ते वेगळे काढायचा हट्ट करू नये. पण नंतरच्या पुस्तकांत फक्त तत्त्व उरलं.

(आपल्याकडेही याच तंत्राने एक चळवळ चालली. १९५० च्या दशकाच्या मध्यात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेलं ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल केलेलं होतं. ते कवितेचं, संगीताचं नाही. पण प्रेसचा खर्च परवडत नाही म्हणून तरुणांनी ऑफिसातल्या यंत्राकडे वळायचं, ही गोष्ट तीच.)

दहा वर्षांनी, जुलै १९७६ मध्ये, लंडनच्या डेप्टफर्डमध्ये ‘स्निफिन ग्लू’ निघालं. काढणारा मार्क पेरी विद्यार्थी नव्हता, बँकेत कारकून होता, वय एकोणीस. तरी तो या गोष्टीत हवाच, कारण पुढे विद्यार्थ्यांनी ज्याची नक्कल केली ते रूप त्याचं. मजकूर टाईपरायटरवर, मथळे जाड मार्करने हाताने, खाडाखोड तशीच ठेवलेली. पहिल्या अंकाच्या पन्नासेक झेरॉक्स प्रती त्याच्या मैत्रिणीने तिच्या ऑफिसात काढल्या. बारा अंकांनंतर, १९७७ मध्ये त्याने ते बंद केलं, तेव्हा खप हजारोंत गेला होता.

इथे मला भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. झेरॉक्स मशीनच्या आत एका ड्रमवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मूळ कागदाचा पांढरा भाग प्रकाश परावर्तित करतो, आणि तो प्रकाश ड्रमवर जिथे पडतो तिथला भार निघून जातो. काळ्या भागाच्या जागी भार टिकतो आणि टोनरची पूड तिथे चिकटते. अक्षरांसाठी हे उत्तम. पण मोठा काळा चौकोन असेल तर अडचण येते. टोनरला ओढणारं विद्युतक्षेत्र भारित भागाच्या कडेला जोरदार असतं आणि मध्यभागी क्षीण. म्हणून जुन्या मशीनवर काळ्या पट्ट्याच्या कडा गडद आणि पोट फिकट, खरचटल्यासारखं येई. करड्या छटांचंही तेच: थोड्या उजळ त्या पांढऱ्या होतात, थोड्या गडद त्या काळ्या. स्टेजवर गाणाऱ्याचा फोटो टाकला की चेहऱ्याचा एक पांढरा डाग आणि भोवती अंधार. हा ‘पंक लूक’! त्यासाठी कुणी बंड केलं नव्हतं, निदान पहिल्या अंकात तरी नाही.

बंड होतं ते दुसरीकडे, आणि तिथे विद्यार्थी आहेत. मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये तेव्हा माल्कम गॅरेट आणि लिंडर स्टर्लिंग ग्राफिक डिझाईन शिकत होते. ‘बझकॉक्स’ या बँडच्या १९७७ च्या एका सिंगलसाठी लिंडरने मासिकांतली चित्रं कापून कोलाज केलं, त्यात बाईच्या डोक्याच्या जागी कपड्यांची इस्त्री. कव्हरची मांडणी गॅरेटची. या दोघांना सरळ रेघेत अक्षरं बसवता येत होती. लेट्रासेट, म्हणजे घासून उमटवायची तयार अक्षरं, काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. १९२० च्या सुमारास बर्लिनच्या दादावाद्यांनी कात्रीने काय केलं तेही अशा कॉलेजांत शिकवलं जायचं. पेरीपाशी पर्याय नव्हता आणि लिंडरने पर्याय निवडला. पण पन्नास वर्षांनी अभ्यासाच्या नोट्समध्ये दोघं एकाच ओळीत येतात: ‘कापून चिकटवलेलं, डीआयवाय, पंक.’

शिवाय श्रेयाचा गोंधळ आहेच. हाताने काढलेले गिटारचे तीन कॉर्ड, ए, ई आणि जी, आणि एवढं आलं म्हणजे बँड काढायला हरकत नाही अशा अर्थाचा मजकूर, हे चित्र तुम्ही टी-शर्टवरसुद्धा पाहिलं असेल. ते ‘स्निफिन ग्लू’मधलं म्हणून सर्रास सांगतात. ते मुळात ‘साईडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्याच फॅनझीनमधलं, १९७७ च्या सुरुवातीचं. एक अंक प्रसिद्ध झाला की शेजारच्यांचं कामही त्याच्या खात्यात जमा होतं.

फिल्मकडे वळू. ज्युलियन टेम्पल तेव्हा इंग्लंडच्या नॅशनल फिल्म स्कूलमध्ये विद्यार्थी होता. १९७६ मध्ये त्याने स्कूलची सामग्री वापरून सेक्स पिस्टल्सचं चित्रण सुरू केलं. १९७७ ची ‘सेक्स पिस्टल्स नंबर १’ ही छोटी फिल्म बरीचशी टीव्हीवरच्या तुकड्यांनी बनलेली आहे. टीव्हीचा पडदा कॅमेऱ्याने टिपायचा म्हटलं की आणखी एक मशीन मध्ये येतं: ब्रिटिश टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवतो, फिल्म कॅमेरा सहसा चोवीस टिपतो, आणि या एका चित्राच्या फरकामुळे पडद्यावर एक काळपट पट्टा हळूहळू सरकताना दिसतो. आज कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये ‘जुना टीव्ही’ नावाचा इफेक्ट असतो, त्यात हाच पट्टा मुद्दाम घातलेला असतो.

डॉन लेट्सचंही बघा. तो लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डीजे होता आणि १९७७ मध्ये तिथे सुपर ८ कॅमेऱ्याने चित्रण करायचा. सुपर ८ च्या एका काडतुसात पन्नास फूट फिल्म, म्हणजे अडीच ते साडेतीन मिनिटं. पंकची गाणीही तेवढीच. गाणं संपतं, फिल्म संपते, तुटक जोड येतो. त्या तुटकपणाला आपण आज ‘ऊर्जा’ म्हणतो.

टेम्पलने २००० मध्ये ‘द फिल्थ अँड द फ्युरी’ केली तेव्हा मात्र तो चांगला मुरलेला दिग्दर्शक होता. त्यात बँडमधली माणसं मुलाखत देताना फक्त काळ्या आकृती म्हणून दिसतात आणि मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘रिचर्ड द थर्ड’चे तुकडे येतात. इथे सक्ती काही नाही. हा सगळा विचारपूर्वक घेतलेला निर्णय.

आता मला सगळ्यात आवडणारी केस. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया गावी एव्हरग्रीन स्टेट कॉलेज आहे. तिथे १९८० मध्ये ब्रूस पॅविट या विद्यार्थ्याने ‘सबटरेनियन पॉप’ नावाचं फॅनझीन सुरू केलं, आणि ते कॉलेजच्या अभ्यासाचं क्रेडिट मिळवण्यासाठी! म्हणजे इंग्लंडच्या त्या प्रोजेक्टच्या अठ्ठावीस वर्षं आधीचा प्रोजेक्ट. प्रादेशिक, छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्डची माहिती द्यायची हा हेतू. नाव लवकरच आखूड होऊन ‘सब पॉप’ झालं. १९८२ च्या पाचव्या अंकापासून मध्येमध्ये छापील अंकाऐवजी थेट कॅसेटच येऊ लागली. म्हणजे ‘मासिक म्हणजे कागद’ हा सर्वात मूळ संकेतच त्याने सोडून दिला. पुढे त्याचीच रेकॉर्ड कंपनी झाली, आणि निर्वाणाचा पहिला अल्बम १९८९ मध्ये तिनेच काढला.

एव्हरग्रीनमध्ये ए, बी, सी अशा श्रेणी देत नाहीत. शिक्षक विद्यार्थ्याच्या कामाबद्दल लेखी अभिप्राय देतात. कोष्टकातल्या रकान्यात ‘मास्टहेड: आहे, कव्हरलाईन: आहेत’ असं भरायचं नसेल, तर कॅसेटलासुद्धा मासिक म्हणता येतं. त्याच गावात दहाएक वर्षांनी टोबी व्हेल, कॅथलीन हॅना आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘जिगसॉ’, ‘बिकिनी किल’ ही झाईन काढली, पुन्हा झेरॉक्सवर. रायट गर्ल या चळवळीचा एक उगम तिथे आहे. तोवर वर्ड प्रोसेसर सहज मिळत होते. म्हणजे आता ते काळे डाग निवडलेले होते.

उलट, ए-लेव्हलच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये मला एक गोष्ट फार गंमतशीर वाटते: बारकोड. जे मासिक कधीच विकलं जाणार नाही त्याच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात बारकोड आणि किंमत, कारण खऱ्या मासिकावर असते. मुलांसमोर नमुने होते ‘क्यू’, ‘केरँग’, ‘एनएमई’. त्यातल्या ‘एनएमई’चा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्ये बंद झाला आणि ‘क्यू’ २०२० मध्ये. मुलं ज्या धंद्याचे नियम पाठ करत होती तो धंदा त्याच वर्षांत गुंडाळला जात होता. यात मुलांची किंवा त्यांच्या शिक्षकांची चूक काढावी असं मला वाटत नाही. चार फोटो स्वतः काढायला लावणं हा तर फारच चांगला नियम, त्यानेच काही प्रोजेक्टमध्ये जीव आला असणार. पण ‘संकेत कुठे मोडले?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी संकेत मोडणं, आणि त्याचे मार्क मिळणं, हे जरा विचित्र आहे खरं.

तर मी नक्की काय करते? मूळ अंक हातात घेऊन कुठली खूण यंत्राची आणि कुठली हाताची हे वेगळं करायचा प्रयत्न. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आधीच्या काचेवरचा कचरा पुढच्या प्रतीत जातो आणि नवा कचरा त्यात भर घालतो. जीवशास्त्रात उत्परिवर्तनांवरून वंशावळ लावतात तसं, सामाईक डागांवरून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून निघाली हे लावता येतं. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक लेखनिकांच्या चुकांवरून हेच करत आले आहेत. एखादा अंक मित्रामित्रांत किती हात फिरला हे असं कळू शकतं, आणि हा पुरावा दुसरीकडे कुठेही नोंदलेला नसतो.

अडचण स्कॅनिंगची. बहुतेक ठिकाणी अंक स्कॅन करताना पान ‘स्वच्छ’ करतात, म्हणजे सॉफ्टवेअर ठिपके पुसून टाकतं. मजकूर वाचायला सोपा होतो आणि माझा पुरावा जातो. सायक्लोस्टाईलच्या कागदात शाई मागून किती फुटली आहे, पिनांच्या गंजाची भोकं एक जोडी आहेत की दोन (दोन असतील तर अंक कुणीतरी उघडून परत लावलाय), हे स्कॅनमध्ये येत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स लायब्ररीने रायट गर्लवाल्यांचे नुसते अंक जमवले नाहीत, ते काढणाऱ्यांची पत्रं, वह्या, टिपणंही जपली. त्यामुळे तिथे निर्णय कुठे घेतला गेला हे बघता येतं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, किंवा तुम्ही शिकलात त्या कॉलेजच्या कपाटात, गाण्याबद्दलचं काही सायक्लोस्टाईल वा झेरॉक्स केलेलं असेल, गॅदरिंगच्या वाद्यवृंदाचं पत्रक का असेना, तर स्कॅन करून मूळ रद्दीत देऊ नका. पाठची बाजू बघा, पिना काढू नका, आणि कुणी कुठल्या ऑफिसातल्या मशीनवर काढलं हे आठवत असेल तर पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. पुढच्या वेळी मेणकागदावर चूक दुरुस्त करायची बाटली आणि तिने सोडलेले डाग याबद्दल लिहिणार आहे.