कारखाना कुणाचा? लोणीतला एक निर्णय

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. ते बारा जण हळद करणारे शेतकरी आहेत. हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम मिळून घ्यायचं ठरवलंय. सीएनं विचारलं, भागीदारी करायची, प्रायव्हेट लिमिटेड की सहकारी संस्था? भाऊ म्हणाला, "दादा, नोंदणीच तर आहे. स्वस्तात पडेल ती करून टाकू."

मी म्हटलं, जरा थांब. हाच प्रश्न पंचाहत्तरेक वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात लोणीच्या शेतकऱ्यांपुढे होता. आजचा भाग त्यावरच आहे.

भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण पाणी आलं म्हणून पैसा येतोच असं नाही. शेतकरी गूळ करायचा आणि गुळाचा भाव बाजार ठरवायचा. भाव पडला की सावकार दारात. आसपास खासगी साखर कारखाने होते, पण नफा जायचा भागधारकांना. कारखान्याच्या हिशेबात ऊस म्हणजे फक्त खर्चाची बाजू!

1945 मध्ये बेलापूर भागात कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग भांडवल गोळा करू लागले. कारखाना हवा यावर एकमत होतं. तो कोणत्या कायद्याखाली काढायचा, हा खरा प्रश्न.

कंपनीचा रस्ता मोकळा होता. 1913 चा कंपनी कायदा होता, भांडवलही त्या मार्गानं लवकर उभं राहिलं असतं. पण कंपनीत साधारणपणे मत शेअरला असतं. ज्याच्याकडे शेअर जास्त, त्याचा शब्द शेवटचा. शिवाय शेअर विकता येतो. दुष्काळाच्या वर्षी अडलेल्या शेतकऱ्यानं आपले शेअर व्यापाऱ्याला विकले असते, तर दहा वर्षांत कारखाना पुन्हा परक्याचाच झाला असता.

मुंबई प्रांताच्या 1925 च्या सहकारी कायद्यात गणित वेगळं होतं. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. लाभांशाला मर्यादा, म्हणजे उरलेला पैसा उसाच्या भावातून सभासदाकडे वळवायची सोय. थोडक्यात, भांडवलदाराला मिळायचा तो मोबदला ऊस घालणाऱ्याला. 1950-51 च्या हंगामात प्रवरेचं गाळप सुरू झालं. गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष.

आता दुसरी बाजूही बघा, नाहीतर ही नुसती आरती होईल. शेतकऱ्यांच्या भागांतून एवढी यंत्रसामग्री येणं शक्य नव्हतं. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते, सरकारनं भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. पुढे हाच साचा राज्यभर वापरला गेला आणि सरकारी भागभांडवल, सरकारी हमी, सहकार निबंधकाचे अधिकार या वाटांनी राजकारणही कारखान्यात आलं. 'एक सभासद एक मत' या नियमानं शेतकऱ्याला मालक केलं, आणि त्याच मतांवर पॅनलं लढली, आमदारही घडले. सावकारापासून वाचवणाऱ्या कायद्यात पुढाऱ्यापासून वाचवणारं कलम नव्हतं.

यावर उपाय म्हणून 2002 मध्ये कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' आली. यामागे योगिंदर अलघ समितीचा अहवाल होता. किमान दहा उत्पादक हवेत. वैयक्तिक सभासदाला मत एकच, पण सहकार निबंधक नाही. शेअर मात्र बाहेरच्याला विकता येत नाहीत, म्हणजे बाहेरचं भांडवलही येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं त्यावर तोड काढली. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर ठेवली, खाली वेगळी लिमिटेड कंपनी काढली आणि 2022 मध्ये तिच्यात परदेशी गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये घेतले. लोणीच्या शेतकऱ्यांना भांडवलासाठी सरकारकडे जावं लागलं होतं, हे गुंतवणूकदारांकडे गेले. पैसा देणारा कुठे ना कुठे बसणारच, त्याला कुठल्या खोलीत बसवायचं एवढं आपल्या हातात असतं.

मी भावाला फी किती, हे सांगितलंच नाही. तीन प्रश्न दिले. तुमच्यातला एक अडचणीत आला तर त्याचा हिस्सा कोण घेणार? जास्त हळद आणणाऱ्याला जास्त मत की फक्त जास्त पैसे? आणि ड्रम बिघडला, तर पैसे कुणाकडे मागणार?

दोन दिवसांनी फोन आला. पहिल्याच प्रश्नावर बारा जणांची रात्री अकरापर्यंत भांडणं झाली म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, नोंदणीच्या आधी झाली.

भेटू पुढच्या भागात.