ताईची किडनी, माझी शुगर

ताईची किडनी मला बसवली त्याला नऊ वर्षं झाली. चौथ्या महिन्यात शुगर निघाली. भेटायला येणारा जो तो म्हणे, "गोड खाल्लं असशील." आमच्या घराण्यात मधुमेह नाही. ताईच्या मनाने घेतलं, की खोट तिच्याच किडनीत असणार. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस मी; तिच्यासाठी तरी मुळाशी जाणं भाग होतं.

मूळ निघालं किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांत. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एकाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला बसवली. दोघे हुबेहूब एक. शरीराला ती परकी वाटलीच नाही. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला स्टेरॉइडची जोड दिली आणि इतरांच्याही किडन्या टिकू लागल्या. त्यांतल्याच काहींना मधुमेह जडला. स्टार्झल यांनी १९६४च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली: 'स्टेरॉइड मधुमेह'. हे नाव मला फार पटतं. दोष रोग्याच्या जिभेवर ढकलत नाही.

पुढे सायक्लोस्पोरिन आलं, स्टेरॉइडचे डोस उतरले. मग टॅक्रोलिमस. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी, मातीतल्या एका जिवाणूत १९८४ साली ते सापडलं. किडनीची राखण ते उत्तम करतं, पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दाबतं. माझ्या सकाळ-संध्याकाळच्या कॅप्सूल त्याच्याच.

२००३च्या सुमारास 'प्रत्यारोपणानंतर नव्याने झालेला मधुमेह' हे नाव रूढ झालं. २०१४मध्ये तज्ज्ञांनी त्यातलं 'नव्याने' गाळायला सांगितलं; कित्येकांची आधी नीट तपासणीच झालेली नसायची. गाळलं ते योग्यच.

माझीही तपासणी चुकतच होती. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने शुगर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटी ९८, म्हणून सगळे निर्धास्त; एकदा दुपारी चारला बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, तर २४०! दोन महिने असेच वाया गेले होते.

हे सगळं ताईला समोर बसवून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. हल्ली रोज साडेचारला तिचा फोन येतो.

"किती आली रे?"

"१६२."

"आणि किडनीचं, या महिन्याचं क्रिएटिनिन?"

"१.२."

"मग ठेवते," म्हणाली.